अवक्षेप : पुस्तकातला आणि द्राक्षबागेतला



रसायनशास्त्रात 'अवक्षेप' हा शब्द आला की आपली मुले बिचकतात व द्रावणीयतेचे नियम पाढ्यासारखे घोकतात. आम्ही कला शाखेचे. आम्हीही तेच केले. परंतु आपल्या जुन्नर तालुक्यातील द्राक्षबागांत हाच प्रयोग दरसाल होतो, आणि तो करणारे हात पुष्कळदा आपल्याच आयाबापांचे असतात. तो प्रयोग म्हणजे बोर्डो मिश्रण.

एका पिंपात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, विरघळवितात. पाणी निळे, पण आरपार दिसणारे. दुसऱ्यात चुना कालवून गाळतात. दोन्ही एकत्र होताच आकाशी रंगाचा गढूळ साका तयार होतो. हाच अवक्षेप. तांब्याचे आयन व हायड्रॉक्साईडचे आयन एकत्र आले की पाण्यात विरघळलेले राहू शकत नाहीत.

नियम थोडकेच आहेत. सोडियम, पोटॅशियम व अमोनियमचे क्षार आणि सर्व नायट्रेटे विरघळतात. क्लोराईडे बहुतेक विरघळतात. चांदी व शिशाची नाहीत. सल्फेटांत बेरियम व शिसे अपवाद, कॅल्शियमचे जेमतेम विरघळते. कार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साईड बहुधा तळाशी बसतात. आयनांच्या जोड्या बदलून पाहाव्यात. नवी जोडी न विरघळणारी निघाली तरच अवक्षेप. मीठ व पोटॅशियम नायट्रेट यांची द्रावणे कितीही ढवळा, काही होत नाही.

फ्रान्समध्ये बोर्डो भागातील शेतकरी चोरांना भिवविण्यासाठी रस्त्याकडेच्या वेलींवर हे मिश्रण शिंपडीत. त्या वेली केवडा रोगातून वाचल्याचे प्रा. मिलार्दे यांनी पाहिले व 1885 मध्ये हा उपाय जाहीर केला. साका न विरघळणारा, म्हणून पावसात लवकर धुपत नाही. मात्र 'न विरघळणारा' याचा अर्थ 'अगदी थोडा विरघळणारा' असा घ्यावा. पानावरच्या ओलाव्यात सुटणारे ते थोडेसे तांबेच बुरशीला मारते. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकतात, याचे आम्हांस वाईट वाटते.

चुना कमी पडला तर तांबे विरघळलेलेच राहते व कोवळी पाने करपतात. चुन्याचा कस सारखा नसतो, म्हणून घासलेले लोखंडी पाते मिश्रणात क्षणभर बुडवितात. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा. याच कारणाने मोरचूद लोखंडी पिंपात कालवीत नाहीत. ते डोळ्यांनाही घातक आहे. कालविणाऱ्याने हातमोजे व चष्मा मालकाकडून मागून घ्यावा.