हेलिकॉप्टर पडतें, माणूस वांचतो : हें कसें?

हेलिकॉप्टरास पंख नसतात; मग आकाशांत त्याचें इंजिन बंद पडलें तर तें दगडाप्रमाणें खालीं येईल, अशी शंका वर्गांत वारंवार निघते. आपल्या गोंदिया जिल्ह्यांत बिरसी येथें वैमानिकांचें शिक्षण दिलें जातें. त्यामुळें सालेकशाकडील मुलांस उड्डाणाची हौस वाटते, व पालकांस काळजी. म्हणून या विषयाचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

प्रथम एक साधें उदाहरण घेऊं. धानाची मळणी झाल्यावर मुलें तणसाच्या ढिगावर उड्या टाकतात व हंसत उठतात. तितक्याच उंचीवरून कठीण खळ्यावर पडल्यास हाड मोडतें. वेग दोन्ही वेळां सारखाच. भेद आहे तो थांबण्याच्या अंतराचा. सुमारें ५ मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग जमिनीजवळ सेकंदास १० मीटर होतो. ती ५ सेंटिमीटरांत थांबली तर तिच्यावर तिच्या वजनाच्या सुमारें १०० पट जोर येतो. ५० सेंटिमीटरांत थांबली तर तोच जोर सुमारें १० पट राहतो. सर्व रचनेचें बीज या हिशेबांत आहे.

आतां मूळ शंकेकडे वळूं. इंजिन बंद पडतांच वैमानिक वरच्या पात्यांचा कोन कमी करतो. खालून येणाऱ्या हवेनें पातीं फिरत राहतात, आणि जमिनीजवळ कोन पुन्हां वाढवून तो उतरण्याचा वेग मोडतो. परंतु यास उंची व अवधि लागतो. तो नसेल तर माणसाचें रक्षण यंत्राच्या बांधणीवरच अवलंबून राहतें.

व्हिएतनाममधील युद्धाच्या अनुभवानंतर अमेरिकन सैन्यानें १९७४ सालीं अशा बांधणीचे नियम ठरविले, व ब्लॅक हॉक हें हेलिकॉप्टर त्यांस अनुसरून बनलें. सेकंदास १२.८ मीटर वेगानें तें सरळ खालीं आदळलें तरी आंतील माणसें वांचावीं, अशी अपेक्षा होती. हा धक्का तीन टप्प्यांनीं शोषला जातो. प्रथम चाकांचे पाय दबतात. मग तळाचा सांगाडा चुरगळतो. शेवटीं आसन सावकाश खालीं सरकतें. माणसाचा कणा मोडूं नये म्हणून यंत्र स्वतः मोडतें. मात्र बसण्याची जागा चेपतां कामा नये, व डोक्यावरील जड यंत्रें सुटून आंत येतां कामा नयेत. म्हणून तो भाग भक्कम ठेवतात.

धक्क्यांतून वांचलेल्यांस आगीचें भय असतें. म्हणून इंधनाच्या टाक्या चिवट करतात, आणि नळी तुटल्यास तिचें तोंड आपोआप मिटेल अशी योजना करतात. तारांपासून रक्षणासाठीं कित्येक हेलिकॉप्टरांच्या नाकाच्या वर व खालीं तारा कापणारीं पातीं बसवितात.

तारांचें हें भय महाराष्ट्रानेंही पाहिलें आहे. २५ मे २०१७ रोजीं लातूर जिल्ह्यांतील निलंगा येथें मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांस नेणारें हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच विजेच्या तारांत सांपडून कोसळलें. तरी आंतील सर्व जण वांचले. ८ मार्च २०२३ रोजीं मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाच्या ध्रुव हेलिकॉप्टराची शक्ति अकस्मात् गेली. वैमानिकानें तें आटोक्यांत ठेवून पाण्यावर उतरविलें, व तिघेही सुखरूप बाहेर निघाले. भारतांत बनलेल्या ध्रुवमध्यें धक्का शोषणारीं आसनें आहेत. पण या प्रसंगीं वैमानिकाचें कौशल्यही तितकेंच महत्त्वाचें होतें.

याच्या उलट, २८ जून २०२२ रोजीं मुंबईपासून दूर अरबी समुद्रांत तेलविहिरींकडे जाणारें पवन हंसचें हेलिकॉप्टर पाण्यांत उतरलें. नऊ जणांपैकीं पांच वांचले, चौघे दगावले. हेलिकॉप्टराचें जड इंजिन वरच्या बाजूस असल्यानें तें पाण्यांत सहज उलटूं शकतें. म्हणून त्यास हवेनें फुगणारे तरंगे लावतात, खिडक्या बाहेर ढकलतां येतील अशा करतात, आणि समुद्रावर जाणाऱ्यांस पाण्यांतून सुटण्याचा सराव देतात.

तात्पर्य, उत्तम बांधणी माणसास पहिल्या धक्क्यांतून वांचविते. पुढील क्षणांत शिक्षण व प्रसंगावधान लागतें. तेव्हां ज्यांना वैमानिक व्हावयाचें आहे त्यांनीं उड्डाणाबरोबर उतरण्याचाही अभ्यास करावा. आणि ज्यांना यंत्रें बनवावयाचीं आहेत त्यांनीं यंत्र मोडेल तेव्हां आंतील माणसाचें काय होईल, हा प्रश्न नकाशा काढतांनाच स्वतःस विचारावा.