थांबावे, पण मुदत ठरवून

उंब्रज येथे तारळी नदी कृष्णेस मिळते. पावसाळ्यात तेथील पाणी गढूळ होते. ते घरी आणल्यावर शहाणी बाई ढवळीत बसत नाही. घागर कोपऱ्यात ठेवून गाळ तळी बसू देते. मनाचेही तसेच आहे. बांधाचा तंटा, पंचांतील बोलाचाली, हातच्या कामाचा वीट, ह्यांच्या भरात केलेला निश्चय बहुधा पुढे निस्तरावा लागतो. म्हणून काही वेळ बाजूस होणे इष्ट आहे. परंतु बाजूस होणे आणि पळून जाणे ह्यांतील भेद कसा ओळखावा?

ह्याच कृष्णेच्या काठी, वरच्या अंगास, वाई आहे. विनोबा भावे १९१६ साली गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले, आणि १९१७ साली प्रकृती सुधारण्यास व संस्कृत अध्ययनास त्यांनी एक वर्षाची रजा घेतली. वाईस नारायणशास्त्री मराठे ह्यांच्यापाशी ते उपनिषदे व ब्रह्मसूत्रे शिकले. विद्यार्थ्यांसह दळण दळून त्याचे पैसे त्यांनी वाचनालयास दिले. सुमारे ४०० मैल ते पायी फिरले. ह्या सर्वांचा हिशेब त्यांनी पत्राने गांधीजींस कळविला, आणि वर्ष भरताच ते आश्रमात हजर झाले. पुढे १९२१ साली वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी त्यांनी पत्करली.

ह्यावरून तीन गोष्टी शिकाव्या.

पहिली, मुदत. जाण्यापूर्वीच परतण्याचा दिवस ठरवावा. नाहीतर विसाव्याचा आळस होतो.

दुसरी, हिशेब. रुसून बसलेला आणि विचारास बसलेला बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून सोबत्यांस सांगून जावे व त्यांस खबर देत राहावे.

तिसरी, उद्योग. रिकामे बसून तोच अपमान उगाळल्यास गाळ पुन्हा वर येतो. हातास काम असावे.

कोणी म्हणेल, रोजंदारी करणाऱ्यास वर्षाची सवड कोठून? त्यास एक रात्र पुरे. तंटा पेटला असता, “उद्या सकाळी उत्तर देतो,” असे म्हणावे, आणि सकाळी उत्तर अवश्य द्यावे. मात्र कोणास मारहाण होत असेल, अथवा मूल तापाने फणफणत असेल, तर तेथे विचारास थांबणे हाच अपराध होय.

विचारार्थ प्रश्न
१. रागाच्या भरात ठरविलेली कोणती गोष्ट आपल्या गावास अद्याप निस्तरावी लागत आहे?
२. आपण “नंतर पाहू” म्हणून ठेविलेल्या कोणत्या कामास मुदत ठरविलेली नाही?