विम्याचा कागद कपाटात आहे, पण विमा जिवंत आहे का?



दुकान, गोदाम किंवा लूमच्या शेडचा आगीचा विमा आपल्यापैकी पुष्कळांकडे आहे. बँकेचे कर्ज घेतले की तो काढावाच लागतो. विमा घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न आलिमांना विचारावा, ते आमचे काम नाही. ज्यांच्या हाती पॉलिसी आहे, त्यांना एवढेच सांगायचे आहे की कागद कपाटात असतो आणि विमा कधीच संपलेला असतो, असे फार वेळा घडते.

प्रथम आमचीच चूक सांगतो. कापड बाजाराचा हिशेब दिवाळीला मिटतो, म्हणून विम्याचा हप्ताही आम्ही "दिवाळीला भरायचा" असाच लक्षात ठेवला होता. 2022 साली लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला आले, 2023 साली 12 नोव्हेंबरला. आमची पॉलिसी 23 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री संपली आणि आम्ही पैसे भरले 10 नोव्हेंबरला. मधले 17 दिवस ऐन हंगामातले होते. गोदाम छतापर्यंत भरलेले, त्यातले निम्मे ताके उधारीवर आणलेले. अल्लाहच्या कृपेने काही झाले नाही. झाले असते तर लूमवाल्यांचे पैसे कोठून दिले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

तारीख संपली की विमा संपला

आयुर्विम्यात हप्ता चुकला तर काही दिवसांची सवलत मिळते. आगीच्या विम्यात तशी सवलत मिळेल असे धरून चालू नका. बहुतेक पॉलिसी एका वर्षाची असते आणि शेवटच्या तारखेच्या मध्यरात्री ती संपते. दुसऱ्या दिवशी पहाटे आग लागली तरी कंपनीवर जबाबदारी राहत नाही. "मागची वीस वर्षे हप्ता भरला" किंवा "नोटीस आली नाही" या सबबींचा उपयोग होत नाही. घराचा विमा अनेक वर्षांसाठी एकदम घेता येतो. 1 एप्रिल 2021 पासून सुरू झालेली भारत गृह रक्षा पॉलिसी दहा वर्षांपर्यंत मिळते. पण मुदत लांब असली की शेवटची तारीख विसरणेही सोपे असते.

पैसे पोहोचले नाहीत तर विमा नाही

विमा कायदा 1938 च्या कलम 64 व्हीबी प्रमाणे हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. एजंटाच्या हातात रोख पैसे दिले म्हणजे ते कंपनीत जमा झाले असे नव्हे, पावती पाहिल्याशिवाय स्वस्थ बसू नका. चेक दिला असेल तर तो वटला की नाही हे पाहा. हप्त्याचा चेक परत गेला तर कंपनी भरपाई द्यायला बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 सालच्या एका निकालात म्हटले आहे. तो खटला मोटारीच्या विम्याचा होता, पण तत्त्व तेच आहे. मंदीत खात्यात शिल्लक कमी असते आणि चेक तेव्हाच परत जातो.

बँकेवर सोडून देऊ नका

कर्ज असते तोवर पुष्कळदा बँकच हप्ता खात्यातून कापून घेते. कर्ज फिटले की बँकेला त्या मालाच्या विम्यात रस राहत नाही. कर्ज संपल्याचा आनंद होतो आणि विमा त्याबरोबरच संपला हे लक्षातही येत नाही. कर्जखाते बंद करताना पॉलिसीची प्रत मागून घ्या आणि पुढची तारीख स्वतःच्या वहीत लिहा.

मुदत असूनही संपणारा विमा

सर्वात धोक्याची गोष्ट हीच आहे. आगीच्या विम्याच्या प्रमाण पॉलिसीत अशा अटी आहेत की काही बदल झाला तर मुदत शिल्लक असतानाही संरक्षण थांबते:

1. जागा 30 दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली. मंदीत लूम बंद पडतात, कारागीर गावी जातात, शेडला कुलूप लागते. एकतिसाव्या दिवसाआधी कंपनीला कळवा आणि तिची लेखी संमती घ्या.

2. धंदा बदलून धोका वाढला. कापडाच्या गोदामात चिंधी, फोम किंवा रंगाची रसायने ठेवू लागलात तर तो जुना धंदा राहत नाही.

3. मालकी बदलली. दुकान विकले, भागीदारी मोडली, भावाभावांत वाटणी झाली, तर जुन्या नावाची पॉलिसी नव्या मालकाला आपोआप लागू होत नाही. मालकाच्या इंतकालानंतर वारसांकडे मालमत्ता आली तर विमा तुटत नाही, पण नावे लवकर बदलून घ्यावीत.

4. इमारत कोसळली. विम्यात न मोडणाऱ्या कारणाने इमारत किंवा तिचा मोठा भाग पडला, तर सात दिवसांनी विमा थांबतो. जुन्या पडक्या इमारतींत माल ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

याशिवाय, माल पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावरून दुसऱ्या गोदामात हलवला तर तेथे त्याला संरक्षण मिळत नाही. भाडे वाढले म्हणून गोदाम बदलणारे पुष्कळ आहेत, पत्ता बदलून घेणारे फार थोडे. तसेच दुसऱ्याचा माल, म्हणजे मजुरीवर विणायला आलेले सूत किंवा कमिशनवर ठेवलेले कापड, पॉलिसीत स्पष्ट लिहिले नसेल तर धरले जात नाही. घराचा विमा राहत्या घरासाठी असतो. माळ्यावर जरीकामाचा कारखाना सुरू केला असेल तर तेही कंपनीला कळवा.

काय करावे?

आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा. नाव, पत्ता, धंदा आणि शेवटची तारीख या चार गोष्टी वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या. तारीख सणावरून लक्षात ठेवू नका. दिवाळी पुढेमागे होते आणि रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येतो. इंग्रजी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि पंधरा दिवस आधी पैसे भरा. काही बदल झाला तर तो तोंडी सांगू नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि पॉलिसीवर तशी नोंद झालेली पाहा.

आपल्या गोदामात केवळ आपला माल नसतो. उधारीवर माल देणाऱ्यांचा विश्वास आणि कारागिरांची मजुरी ही आपल्याकडची अमानत आहे. एका तारखेच्या विसराने ती बुडू नये.