काळीची एक मिनिटाची फिल्म

चित्रपट तर आपण सर्वच पाहतो. पण तो कसा करतात हे मला ठाऊक नव्हते. मागच्या महिन्यात आमच्या गटाने आमच्या शेळीची एक मिनिटाची फिल्म केली. ती कशी केली ते मी येथे सांगणार आहे. बाजूला चिकटवलेले चित्र मीच काढले आहे. त्यात काळीचे पाय जरा जाड झाले आहेत.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात आहे. आमच्या घरी काळी नावाची शेळी आहे. ती उस्मानाबादी जातीची. अंग काळेभोर, कान लांब आणि लोंबते. तिला दोन करडे झाली, एक पाट आणि एक बोकड. बोकडाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून आम्ही त्याला टिकल्या म्हणायचो. मोती नावाचा कुत्रापण आहे. त्याला कुणी आणलेला नाही, तो आपला आपणच येऊन राहिला.

गुरुजींनी आधी फळ्यावर गणित घातले. एक मिनिट म्हणजे ६० सेकंद. एक तुकडा ५ सेकंदांचा धरला तर १२ तुकडे होतात. फोन एका सेकंदात ३० चित्रे घेतो, म्हणजे एका मिनिटाची १८०० चित्रे झाली. ती चित्रे भराभर एकापाठोपाठ दिसतात म्हणून आपल्याला शेळी चाललेली वाटते. खरे म्हणजे प्रत्येक चित्रात ती उभीच असते. हे ऐकून मला नवल वाटले.

गुरुजींचा एक जुना फोन शाळेत असतो. त्यात सिम नाही. तो गटाला आळीपाळीने मिळतो. पण गुरुजी म्हणाले, "फोन दोन दिवसांनी मिळेल. आधी शेळी दिवसभर काय करते ते वहीत लिहून आणा." आम्ही म्हटले, त्यात काय लिहायचे, शेळी खाते आणि झोपते. पण लिहायला बसलो तर दोन पाने भरली. सकाळी धार काढून झाली की करडे पितात, पिताना शेपूट सारखे हालवतात. मग काळी आजीबरोबर ओढ्याकडे चरायला जाते आणि करडे डाल्याखाली राहतात. ती मागच्या दोन पायांवर उभी राहून बाभळीचा पाला ओढते. दुपारी लिंबाखाली बसून रवंथ करते. तेव्हा तिचा जबडा वरखाली हालत नाही, आडवा हालतो. तिला वरचे पुढचे दातच नसतात. मी तिच्याशेजारी लहानाचा मोठा झालो, पण हे मला माहीत नव्हते.

तेव्हा गुरुजींनी दादासाहेब फाळके यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट १९१३ साली आला. पण त्याच्या आधी त्यांनी एका वाटाण्याची फिल्म केली होती! कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे रोप वाढताना रोज थोडे थोडे चित्रण केले. मग एवढ्या दिवसांची वाढ लोकांना थोड्या वेळात दिसली. वाटाण्याला तर हाक मारता येत नाही, त्याची वाटच पाहावी लागते. आपल्याच तालुक्यातल्या जेऊर गावचे नागराज मंजुळे यांनीसुद्धा 'सैराट' आधी 'पिस्तुल्या' नावाची छोटी फिल्म केली होती, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जेऊर आम्हाला माहीत आहे, तिथे रेल्वे थांबते.

पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. मी फोन उभा धरला, त्यामुळे काळीचे तोंड आले तर शेपूट नाही आणि शेपूट आले तर तोंड नाही. फोन आडवा धरायचा असतो. मग सूर्य तिच्या मागे होता, त्यात ती कोळशाच्या पोत्यासारखी दिसली. काळ्या जनावराचे चित्रण करताना सूर्य आपल्या पाठीमागे असावा. उभे राहून घेतले तर फक्त पाठ दिसते, म्हणून मी मातीत बसलो. बसलो तर काळी आली आणि फोन चाटला. तो तुकडा आम्ही ठेवला आहे, सगळे त्यालाच हसतात.

माझा मित्र "काळे, इकडं बघ, इकडं बघ" असे ओरडत होता. त्याचाच आवाज सगळीकडे आला. म्हणून पुढे बोलायचे नाही असे ठरले.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला मला बरे वाटत नाही. आम्हाला करडू ओरडते आणि आई त्याला उत्तर देते असा तुकडा हवा होता. शेळी आपल्या करडाचा आवाज पुष्कळ करडांत ओळखते. पण टिकल्या काही वेळेवर ओरडेना. म्हणून संध्याकाळी काळी चरून आली तेव्हा मी पाट सोडली आणि टिकल्याला डाल्याखालीच ठेवले. तो लई ओरडला. काळी दाव्याला हिसके देऊन ओरडत होती. फोनमध्ये सगळे छान आले. तेवढ्यात आजी आली. ती म्हणाली, "काय करतुयास रं? तुला कुणी जेवायच्या वक्ताला कोंडून ठिवलं तर?" तिने डाले उचलून टिकल्याला सोडले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तो तुकडा पाहिला आणि विचारले, "हे कसं मिळालं?" मी खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "ठेवायचं का पुसायचं, तूच ठरव." मी पुसले. गटातली मुले माझ्यावर चिडली, कारण सगळ्यात चांगला तुकडा तोच होता. एक मुलगी तर दोन दिवस बोलली नाही.

नंतर गुरुजींनी सांगितले की फ्रान्स देशात ल्यूमिएर नावाच्या दोघा भावांनी १८९५ साली कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांची फिल्म केली. ती एक मिनिटाचीसुद्धा नाही. तीत माणसांच्या गर्दीत एक कुत्रा दिसतो. त्यांच्या फिल्म ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत दाखवल्या गेल्या. मला वाटते तो कुत्रा आमच्या मोतीसारखा आपला आपणच आला असेल.

आमचे ११ तुकडे झाले. एक राहिला होता. त्याच आठवड्यात आबा म्हणाले की टिकल्याला बाजाराला न्यायचे, कांद्याच्या बियाण्याचे पैसे द्यायचे आहेत. मी म्हटले, फिल्म अजून पुरी नाही. आबा म्हणाले, "बाजार आपल्यासाठी थांबत न्हाई बाळा." गुरुजींना सांगितल्यावर त्यांनी फोन रात्री घरी न्यायला दिला.

पहाटे आबांनी टिकल्याला उचलून गाडीवर पुढे घेतले. तो ओरडला आणि काळीने लगेच उत्तर दिले. अगदी आम्हाला हवे होते तसे. फोन माझ्या हातात होता. पण मी बटण दाबले नाही. मला समोरचे नीट दिसतच नव्हते. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी गोठ्यात गेलो. खुंटीला टिकल्याचे दावे लोंबत होते. त्याचे ५ सेकंद घेतले. त्यात काळी कुठेच दिसत नाही, नुसता तिचा आवाज आहे.

शनिवारी शाळेत सगळ्यांना फिल्म दाखवली. आजीपण आली होती. संपल्यावर ती म्हणाली, "ही फिल्लम परत लाव, टिकल्याला बघू दे." मग परत लावली. तो बाजेवर उडी मारतो आणि घसरतो तेथे आजी पुन्हा हसली. आबा आले नाहीत, त्यांना कांद्याचे काम होते. पण रात्री त्यांनी विचारले, "त्यात मी हाय का?" मी सांगितले, धार काढताना तुमचे हात आहेत.

आता फोन दुसऱ्या गटाकडे आहे. त्यांनी पंढरपुरी म्हैस घेतली आहे. तिची शिंगे खांद्याच्याही मागे जातात, म्हणून ती चौकटीत मावत नाहीत आणि ते लांब गेले तर म्हैस त्यांच्या मागे येते.

— इयत्ता चौथी