मोड आलेली कडधान्ये : पोषण आणि पथ्य

कोल्हापूरकरांना मोडाचे कौतुक नव्याने सांगावे लागत नाही. येथील मिसळीचा पाया मटकीची उसळ हाच होय. कट, फरसाण आणि ब्रेडचे स्लाइस नंतरचे. तथापि ‘मोड पौष्टिक असतात’ या सर्वमान्य समजुतीत काही अर्धवट गोष्टी मिसळल्या आहेत, आणि त्यांतील एक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

दाणा भिजला की त्यातील विकरे जागी होतात. पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात. लोह व जस्त यांना बांधून ठेवणाऱ्या फायटेट या द्रव्याचे प्रमाण घटते. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होऊ लागते. या शेवटच्या गोष्टीचे मोल पहिल्या महायुद्धाने दाखवून दिले. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी मिळेनाशी झाली आणि हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरला. म्हणजे हिरड्यांतून रक्त येणे, जखमा न भरणे. पुढे १९१९ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतील चिक व डेल्फ या संशोधक महिलांनी कोरड्या आणि मोड आलेल्या बियांची तुलना प्रसिद्ध केली. स्कर्व्ही रोखण्याचा गुण मोडांत होता, कोरड्या दाण्यात नव्हता.

मोडाने प्रथिने वाढतात, हे मात्र खरे नाही. शंभर ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. तेच मूग पाणी पिऊन फुगले की वजन दुपटीहून अधिक होते, प्रथिने तेवढीच राहतात. वाटीभर मोडांत म्हणूनच वाटीभर कोरड्या मुगापेक्षा प्रथिने कमी भरतात. लोहाचेही तसेच, त्याचे प्रमाण वाढत नाही, ते अंगी लागणे मात्र सुधारते. रक्तक्षय असलेल्या भगिनींनी उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांना उसळ हा पर्याय नव्हे.

आता धोक्याची गोष्ट. रुग्णाला ताकद यावी म्हणून नातेवाईक प्रेमाने कच्चे मोड डब्यातून आणतात. मोडास जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली. सुमारे ४,००० लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. बियांवर असलेले असे जंतू धुऊन पूर्णपणे जात नाहीत. म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, तसेच केमोथेरपी व डायलिसिस चालू असलेले रुग्ण यांना मोड पूर्ण शिजवूनच द्यावेत. डायलिसिसच्या रुग्णांनी प्रमाणही आहारतज्ज्ञांना विचारावे. शिजवताना क जीवनसत्त्व काहीसे नष्ट होते. लिंबू त्याची भरपाई करते.

कडधान्य रात्रभर भिजवावे, पाणी पूर्ण निथळावे, स्वच्छ ओल्या फडक्यात सैल बांधावे. उन्हाळ्यात मोड लवकर येतात, थंडीत दीड दिवसही लागतो. बुळबुळीत झालेले वा आंबूस वास येणारे मोड टाकून द्यावेत. फोडणी कितीही झणझणीत असली तरी ते सुधारत नाहीत.

चवीचे म्हणाल तर मूग गोडसर, हलका आणि लवकर शिजणारा. आजारातून उठलेल्यास आम्ही प्रथम तोच सुचवतो. मटकी खमंग, शिजली तरी दाणा धरून राहणारी. हुलगा तुरट, मातकट. त्याला कांदा-लसूण मसाला शोभतो. वाल कडसर, सोलण्याचे कष्ट मागणारा, पण बिरड्याची गोडी चाखलेल्यास ते कष्ट वाटत नाहीत. मेथीचा कडूपणा मोडाने थोडा उतरतो. मधुमेही व हृदयरुग्णांनी मिसळ अगदीच वर्ज्य करावी, असे आम्ही म्हणत नाही. उसळ भरपूर घ्यावी, वरचा तेलाचा तवंग बाजूला सारावा आणि फरसाण चिमूटभरच.

राधानगरी, आजरा, चंदगड या भागांत पिकणाऱ्या नाचणीचाही उल्लेख करावयास हवा. नाचणीला मोड आणून, वाळवून, हलके भाजून केलेले पीठ लापशीला पातळपणा आणते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते आणि थोडेच खाणाऱ्या बाळाच्या पोटात अधिक अन्न जाते. ज्वारीला मात्र असे मोड आणून खाऊ नयेत. तिच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे आपल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे.