भातशेतीतील उंदरांचा सामुदायिक बंदोबस्त

कीड पानावर दिसते व रोग खोडावर दिसतो. परंतु उंदीर रात्री येतो आणि दिवस उजाडण्यापूर्वी बिळात शिरतो. त्यामुळे त्याने केलेली हानी पुष्कळदा कापणीच्या वेळीच शेतकऱ्याच्या ध्यानात येते. कोकणातील भातखाचरांत हा अनुभव नवा नाही. विष आणले जाते, काही उंदीर मरतात, आणि पुढील हंगामात बांध पुन्हा पोखरलेले आढळतात. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार येथे केला आहे.

हानीचे स्वरूप

भातखाचरात मुख्यतः लहान घूस उपद्रव करते. ही बांधात लांबवर बिळे करते व उकरलेली माती तोंडाशी टाकते. पीक पोटरीवर आले की ती उभी ताटे बुडाजवळ तिरकी कुरतडते, आणि लोंब्या पिकू लागताच त्या तोडून बिळातील कोठारात साठविते. म्हणजे तिची नासाडी खाण्यापुरती नसते. बांध पोखरल्यामुळे खाचरातील पाणी वाहून जाते, ती हानी निराळीच. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजविण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असून एका वेतात पुष्कळदा सहा ते आठ पिल्ले होतात. खाणे मुबलक असेल तेव्हा ही वाढ झपाट्याने होते.

उपाय निष्फळ का होतात?

पहिले कारण उंदराच्या स्वभावात आहे. नवा पदार्थ दिसला की तो प्रथम थोडासाच चाखून पाहतो. तेवढ्याने त्रास झाला पण मरण आले नाही, तर तो त्या आमिषाला पुढे कित्येक आठवडे तोंड लावीत नाही. म्हणून विष घाईने घातल्यास थोडे उंदीर मरतात व उरलेले शहाणे होतात.

दुसरे कारण वेळेचे. पीक डोळ्यांसमोर नासू लागल्यावरच विषाची आठवण होते. परंतु त्या वेळी शेतात ताज्या लोंब्या असतात. त्या सोडून उंदराने कण्या का खाव्यात?

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. एका शेतकऱ्याने आपल्या खाचरातील उंदीर मारले, तरी शेजारच्या बांधातील उंदीर थोड्याच दिवसांत त्या रिकाम्या बिळांत येऊन राहतात. त्याखेरीज पाटाचे काठ, रस्त्याच्या कडा व पडीक जमीन या जागा कोणा एकाच्या नसल्याने तेथील बिळांकडे कोणीच पाहत नाही. सातबाऱ्याची हद्द माणूस मानतो, उंदीर मानीत नाही. तेव्हा संपूर्ण शिवारात एकाच वेळी मोहीम झाली तरच तिचे फळ टिकते.

मोहिमेचा काळ

मे महिना यासाठी उत्तम होय. त्या वेळी शिवारात खाणे दुर्मिळ असते, बिळे स्पष्ट दिसतात, आणि पावसाने आमिष भिजण्याचे भय नसते. दुसरी फेरी लावणीनंतर, पीक पोटरीवर येण्यापूर्वी, उघडीप पाहून करावी.

कार्यपद्धती

ग्रामकार्यकर्त्याने प्रथम गावाची सभा घेऊन दिवस ठरवावा. शिवाराचे भाग पाडून प्रत्येक भागास एक गट नेमावा. सार्वजनिक जागांची जबाबदारीही सभेतच वाटून द्यावी. नंतर पुढील क्रम पाळावा.

पहिला दिवस : सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत.

दुसरा दिवस : जी बिळे पुन्हा उकरलेली असतील, तीच राहती समजावीत व त्यांजवळ खूण करावी. प्रत्येक राहत्या बिळात विष न मिसळलेले आमिष सुमारे 20 ग्रॅम घालावे. यासाठी 980 ग्रॅम तांदळाच्या कण्यांस 20 ग्रॅम गोडे तेल चोळावे. याने उंदराचा संशय मोडतो.

चौथा दिवस : 960 ग्रॅम कण्या, 20 ग्रॅम गोडे तेल व 20 ग्रॅम झिंक फॉस्फाईड यांचे मिश्रण करावे. त्याच्या 10 ग्रॅमच्या कागदी पुड्या करून प्रत्येक राहत्या बिळात एकेक खोलवर सारावी व तोंड बुजवावे.

पाचवा दिवस : मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत.

बारावा दिवस : सर्व बिळे पुन्हा बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील, त्यांत ब्रोमॅडिओलोनचे आमिष घालावे. झिंक फॉस्फाईड लागोपाठ पुन्हा वापरू नये. ब्रोमॅडिओलोनने उंदीर काही दिवसांनी मरतो; त्यामुळे मरणाचा संबंध आमिषाशी आहे हे उरलेल्यांना कळत नाही.

घरात व कणगीपाशी विष न घालता पिंजरे लावावेत. बांध गरजेपुरतेच रुंद ठेवावेत व त्यांवरील गवत काढावे. घुबड व धामण हे शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार होत. त्यांना मारू नये.

सावधगिरी

झिंक फॉस्फाईडला ओल किंवा पोटातील आम्ल लागताच विषारी वायू सुटतो, आणि या विषावर खास उतारा नाही. म्हणून मिश्रण कोरड्या, उघड्या जागी, हातमोजे घालून व तोंडास फडके बांधून काठीने ढवळावे. पाणी मुळीच घालू नये. उरलेले आमिष घरी नेऊ नये. मुले, कुत्री, कोंबड्या व गुरे यांना त्या दिवसांत शिवारापासून दूर ठेवावे. काही ठिकाणी गरीब कुटुंबे बिळे खणून त्यांतील धान्य काढतात; विष घातलेल्या बिळांतील धान्य खाणे प्राणघातक ठरू शकते, याची दवंडी आधीच द्यावी. कोणाच्या पोटात विष गेल्यास वेळ न दवडता त्यास पाकिटासह रुग्णालयात न्यावे.

उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो. पायास जखम असता खाचरात उतरावे लागल्यास ती झाकून बूट घालावेत. चिखलात काम केल्यानंतर ताप आला, तर डॉक्टरांस ते काम अवश्य सांगावे.

किती उंदीर मेले यावरून मोहिमेचे यश मोजू नये. शेवटच्या फेरीनंतर आठवड्याने बिळे पुन्हा बुजवून किती उकरली गेली ते मोजावे, व पहिल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहावे. हा हिशेब गावाच्या फळ्यावर लिहावा. तो पाहून मागे राहिलेला शेतकरीही पुढील वर्षी मोहिमेत सामील होईल, आणि त्याच्या बांधातील उंदीर गावाच्या भातावर जगणार नाहीत.