सोळा कोर घेतले, तरी रिपोर्ट तेवढाच वेळ का घेतो?

प्रश्न : आमच्या कंटेनर यार्डाच्या सगळ्या नोंदी पोस्टग्रेसवर आहेत. चार कोरचा सर्व्हर काढून सोळा कोरचा घेतला, तरी ग्राउंड रेंटचा महिनाअखेरचा रिपोर्ट पूर्वीसारखाच चाळीस मिनिटं चालतो. सेटिंगमध्ये वर्कर वाढवूनही फरक पडला नाही. पैसे वाया गेले का?
– एक वाचक, उरण

उत्तर : वाया गेले नाहीत, पण बहुधा पंधरा कोर बसून आहेत. रिपोर्टच्या क्वेरीपुढे ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ लावून ती चालवा. (क्वेरी टेबलात काही लिहीत असेल तर जपून, या आदेशानं ती खरोखर चालते.) उत्तरात ‘गॅदर’ हा शब्द कुठेच नसेल, तर सगळं काम एकच कोर करतोय.

माझा पहिला संशय ग्राउंड रेंट काढणाऱ्या फंक्शनवर आहे. असं फंक्शन बहुतेक यार्डांत कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. आपण लिहिलेलं प्रत्येक फंक्शन, वेगळं सांगितलं नसेल तर, पोस्टग्रेस ‘पॅरलल अनसेफ’ धरतं, आणि असं एक जरी क्वेरीत आलं तरी अख्खी क्वेरी एकट्याच्या गळ्यात पडते. ते नुसते दिवस मोजून दरानं गुणत असेल, तर त्याला ‘पॅरलल सेफ’ म्हणा. टेबलात काही लिहीत असेल, तर मात्र हात लावू नका.

‘गॅदर’ दिसला, तर त्याखालच्या दोन ओळी वाचा : वर्कर ठरवले किती आणि प्रत्यक्ष आले किती. ठरवले सहा आणि आले दोन, असं दिसलं तर वर्कर कमी पडताहेत. ‘मॅक्स वर्कर प्रोसेसेस’ हा आकडा मुळात ८ असतो. तो वाढवून सर्व्हर पुन्हा सुरू केल्याशिवाय बाकीचे आकडे कितीही वाढवा, उपयोग नाही. शिवाय हे आठ जण सगळ्या क्वेरींत मिळून असतात, आणि महिनाअखेरीला रिपोर्ट काढणारे तुम्ही एकटे नसता.

मेमरीचं गणितही आधीच करा. ‘वर्क मेम’ची मर्यादा क्वेरीला नाही, प्रत्येक वर्करच्या प्रत्येक सॉर्टला लागते. २५६ एमबी दिली, आठ जण, प्रत्येकी दोन सॉर्ट : ४ जीबी एका रिपोर्टला.

एवढं करूनही सोळापट वेग येणार नाही. न्हावा-शेव्याला जहाजावर क्रेन वाढवल्या म्हणून गेटवरची ट्रेलरची रांग हटत नाही, तसंच हे. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं. तुमच्या चाळीस मिनिटांतली दहा शेवटच्या एकहाती कामाची धरू. उरलेली तीस चौघांत वाटली तर एकूण साडेसतरा मिनिटं, सोळांत वाटली तर जवळपास बारा. दहाच्या खाली कधीच नाही. म्हणजे पहिल्या चार वर्करनी साडेबावीस मिनिटं वाचवली, पुढच्या बारांनी जेमतेम साडेपाच.

म्हणून मी चारवरच थांबेन. उरलेले कोर गेट-इनच्या खिडकीसाठी मोकळे हवेत. रिपोर्ट बारा मिनिटांत आला, पण तेवढ्यात एकेका कंटेनरची नोंद अडकून ड्रायव्हर उन्हात ताटकळले, तर त्या घाईचा काय उपयोग? रिपोर्ट चालू असताना घड्याळ लावून खिडकीपाशी उभे राहा, एक नोंद किती सेकंदांत होते ते मोजा, आणि मगच चाराचे सहा करा.